सल्ला न देण्याचा वर्ग

जिल्ह्यातल्या डॉक्टरांसाठी मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण होणार आहे, असा फोन आला तेव्हा ते रुग्णांच्या मानसिक आरोग्याबद्दल असणार असं मी गृहीत धरलं. नैराश्य कसं ओळखायचं, कोणती गोळी किती द्यायची, कोणाला पुढे पाठवायचं. असली प्रशिक्षणं आम्ही पुष्कळ केली होती. पडद्यावर चित्रं सरकतात, पंखे गरगरतात, दुपारचं जेवण होतं आणि सह्या करून माणसं पांगतात. फोनवरचे बाबू मात्र म्हणाले, "नाही मॅडम, हे तुमच्याच तब्येतीचं आहे. डॉक्टर लोकांच्या मनाचं." आणि ते हसले. मीही हसले.

तेव्हा मी नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगल आणि मँगनीजच्या खाणी यांच्या मधोमध असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच आहेत. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जुने कर्मचारी कुठल्याही कमतरतेचा विषय निघाला की 'आपला अर्धा जिल्हा तिकडे गेला' असं म्हणत. डॉक्टरांच्या जागा मात्र दोन्हीकडे सारख्याच रिकाम्या होत्या. आमच्या केंद्रात दोन जागा होत्या आणि त्यातली एक मी यायच्या आधीपासून रिकामी होती.

आठवडाभर मी केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि सुट्टी मिळाली की आईबाबांकडे जवाहरनगरला जायचे. बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. आमच्या घराण्यातले ते पहिले पगारी नोकर. आजोबा छप्पन साली दीक्षा घेऊन परतले ते पोरांना शिकवायचंच असं ठरवून, आणि त्या ठरवण्याचं फळ म्हणजे बाबांची नोकरी आणि माझी डॉक्टरकी. फॅक्टरीतल्या कामाबद्दल घरी चकार शब्द काढायचा नाही, असा तिथला नियम होता. बाबा बसमधून उतरायचे, हातपाय धुवायचे, चहा प्यायचे आणि आम्ही त्यांना शाळेतलं सांगायचो. कामावरचं काम कामावरच ठेवायचं, हे मी असं लहानपणापासून पाहत आले होते. डॉक्टर झाल्यावर मला ते वेगळं शिकावं लागलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे एक बाळंतीण दगावली.

तिचं पहिलंच बाळंतपण होतं. दुपारी मुलगी झाली, चांगली रडली, आणि त्यानंतर आईचं रक्त थांबेना. जे करायचं असतं ते सगळं आम्ही केलं. इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाईन लावलं, पोटावरून गर्भाशय चोळत राहिलो. गाडी दारातच उभी होती. मी तिच्यासोबत गाडीत बसले. तिचा दीर पुढे ड्रायव्हरजवळ बसला. नवरा खाणीत कामावर होता, त्याला निरोप पोचायचा होता. बाळाला घेऊन सासू, जिला ती मामीजी म्हणायची, केंद्रातच थांबली. तुमसर मागे पडलं आणि भंडारा यायच्या आधी ती गेली. माझा हात तिच्या पोटावरच होता.

पुढे रीतीप्रमाणे चौकशी झाली. उपचार योग्य होते आणि वेळेत होते, असं वरिष्ठांनी सांगितलं. एका अधिकाऱ्यांनी तर माझ्या पाठीवर हात ठेवून "तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही" असं म्हटलं. मला वाटलं, आता सुटले. पण तसं झालं नाही. सकाळी ओपीडीत जायच्या आधी मला मळमळायला लागलं. फोन वाजला की दात आपोआप आवळले जायचे, इतके की संध्याकाळी जबडा दुखायचा. रुग्ण खोलीबाहेर गेला की त्याचा चेहरा मला आठवायचा नाही. केंद्रातल्या सिस्टर विचारायच्या, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हणायचे, ॲसिडिटी आहे.

आणि एक गोष्ट होती, ती मी सिस्टरांनाही सांगितली नव्हती. सांगायची गरज नव्हती म्हणा, त्यांना दिसतच होती. त्या बाळंतिणीची सासू नातीला लसीकरणासाठी आमच्याकडेच आणायची. पहिल्या वेळी ती फाटकातून आत येताना मला खिडकीतून दिसली. लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं बाळ, पायात रबरी चपला, आणि नजर सरळ माझ्या खोलीच्या दाराकडे. मी उठून मागच्या औषधांच्या खोलीत गेले आणि सलाईनच्या खोक्यांजवळ उभी राहिले. सिस्टरांनी लस दिली. म्हातारी गेल्यावर त्यांनी खोलीचं दार हळूच ढकललं आणि म्हणाल्या, "गेली." पुढच्या वेळीही तसंच झालं.

अशा अवस्थेत मी भंडाऱ्याला त्या प्रशिक्षणाला गेले. खरं सांगायचं तर एक दिवस ओपीडी चुकेल, एवढ्याच आशेने गेले.

हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. पडदा नव्हता, माईक नव्हता. तालुक्या-तालुक्यांतून आलेले आम्ही दहा-बारा डॉक्टर दारातच घुटमळलो, कारण गोलात मागची रांग नसते. शिकवायला नागपूरहून एक बाई आल्या होत्या. मानसशास्त्र शिकलेल्या, चाळिशीच्या, कॉटनची साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. त्यांनी सांगितलं की दर पंधरवड्याला एकदा असं काही महिने भेटायचं आहे, इथे बोललेलं इथेच राहील आणि इथे कोणी कोणाचा वरिष्ठ नाही, तेव्हा एकमेकांना नावाने हाक मारायची. शेवटची अट पहिल्या पाच मिनिटांतच मोडली. ज्येष्ठांना 'सर' म्हटल्याशिवाय आमच्या तोंडून वाक्यच निघेना. बाईंनी तो नाद सोडून दिला आणि मला त्या तेव्हाच आवडल्या.

मोहाडीकडून आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्याने सुरुवातीलाच सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "मॅडम, एका डॉक्टरवर तीन डॉक्टरांचं काम आहे. आम्ही डोळे मिटून लांब श्वास घेतला तर रिकाम्या जागा भरणार आहेत का?"

बाई म्हणाल्या, "नाही भरणार."

तो पुढच्या उत्तराची वाट पाहत राहिला. मग बाई म्हणाल्या की जागांसाठी भांडायचं ते भांडायलाच हवं, पण भांडायलाही माणूस शिल्लक राहावा लागतो. तो खुर्चीत मागे टेकला. पुढे तो एकही दिवस चुकला नाही.

पहिला सराव जोडीने होता. एकाने काही मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, निदान करायचं नाही, आपलं उदाहरण सांगायचं नाही. माझ्या वाट्याला शेजारच्या केंद्राचे सर आले. सर निवृत्तीला आलेले होते. पवनीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले, अंगाने थोराड, बोलायला मिश्कील. त्यांच्याबद्दल आमच्या भागात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अलीकडे ते कोणालाच तपासत नसत, जो येईल त्याला तुमसरला नाहीतर भंडाऱ्याला पाठवत. लोक त्यांना मागे 'चिठ्ठीवाले डॉक्टर' म्हणायचे. म्हातारपणी अंग चोरतात, असं मलाही वाटायचं.

मी बोलायला लागले. म्हटलं, "झोप नीट लागत नाही. सकाळी ओपीडीच्या आधी मळमळतं."

"थायरॉइड केलं का?" सर म्हणाले. "आणि बी-ट्वेल्व्ह करून घे. तुम्ही पोरी वेळेवर जेवत नाही."

बाई आमच्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, त्यांचं अजून संपलं नाही."

सरांनी जीभ चावली. मग आम्ही आजूबाजूला पाहिलं तर सगळ्याच जोड्यांत तेच चाललं होतं. कोणी कोणाला आम्लपित्ताची गोळी सांगत होतं, कोणी बदलीचा अर्ज कसा करायचा ते सांगत होतं. सगळा हॉल हसायला लागला. इतकी वर्षं दिवसाला शंभर माणसांचं ऐकणारे आम्ही, आणि समोरच्याचं दुसरं वाक्य पुरं होईपर्यंत एकालाही दम निघाला नव्हता. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या कामात लवकर उत्तर द्यावं लागतं, म्हणून ही सवय लागली आहे. ती वाईट नाही. फक्त इथे जरा बाजूला ठेवून पाहू."

पुढच्या भेटींमध्ये आम्ही बरंच शिकलो. त्यातलं काही इतकं साधं होतं की सांगताना संकोच वाटतो. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुताना फक्त पाण्याकडे लक्ष द्यायचं. राग आला की 'मला राग आला आहे' एवढं मनाशी म्हणायचं आणि मग बोलायचं. सहकाऱ्याला 'कसा आहेस' विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचं. चहा आणि आलुबोंडे आले की यावरून चेष्टा चालायची. पण हात धुण्याची गोष्ट मी करायला लागले. मळमळ गेली नाही, मात्र तिच्या येण्याची वेळ मला कळायला लागली. फाटक उघडल्याचा आवाज झाला की ती यायची.

एके दिवशी बाईंनी सांगितलं, आज प्रत्येकाने आपल्या कामातली अशी एक गोष्ट सांगायची जी कोणाला सांगितलेली नाही. नको असेल त्याने 'आज नाही' म्हणायचं. पहिल्या तिघांनी 'आज नाही' म्हटलं. मग सरांची पाळी आली. ते काहीतरी विनोद करतील म्हणून आम्ही आधीच हसरे चेहरे केले होते.

सर म्हणाले, "मले छाती ऐकू येत नाही."

कोणाला काही कळलं नाही. सरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला. मग ते हळूहळू बोलत गेले. दोन वर्षांपासून कान कमी झाले होते. माणसाचं बोलणं ओठांकडे पाहून कळायचं, पण नळीतून येणारे ठोके येईनासे झाले. फुप्फुसातली घरघर येईना. लहान मुलाची छाती तर नाहीच. सुरुवातीला त्यांना वाटलं, नळी खराब झाली. नवी घेतली, मग आणखी महागातली घेतली. मग त्यांना कळलं.

"लोक म्हणतात, बुढा कामचोर झाला, सगळ्याइले पाठवते," ते म्हणाले. "मी ऐकल्याचं नाटक करून गोळ्या लिहू शकलो असतो. पण एखाद्या लेकराचा न्यूमोनिया माझ्या हातून सुटला असता. म्हणून पाठवत राहिलो. घरी बायकोलेबी नाही सांगितलं. डॉक्टरचेच कान गेले म्हटल्यावर मंग मी कोण राहतो?"

मोहाडीचा तो तरुण डॉक्टर पुढे झुकला. "सर, नागपूरला कानाचे एक चांगले..." एवढं म्हणाला आणि स्वतःच थांबला. त्याने ओठ घट्ट मिटले. आम्ही सगळ्यांनीच मिटले असणार. मला आठवतं, माझ्या तोंडात ऑडिओग्राम हा शब्द तयार होता आणि मी तो गिळला.

बाईंनी विचारलं, "सर, तुम्हाला आत्ता काय हवं आहे?"

"काही नाही. जराशेक कोणी बोलू नका."

खाली रस्त्यावर ऑटोवाले भोंगे वाजवत होते. सर मांडीवरच्या नळीवर अंगठा फिरवत बसले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं. आता सांग तो नागपूरचा डॉक्टर कोण."

सरांची ही गोष्ट मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही बेटा, पण नाव नको आणि कोणता कान जास्त गेला ते नको."

त्या दिवशी परतताना आम्ही दोघं तुमसरच्या एसटीत शेजारी बसलो. ऐकू येणारा कान माझ्याकडे यावा म्हणून सरांनी माझी खिडकीची जागा मागून घेतली. आता त्यांना कारण लपवावं लागत नव्हतं. गाडीने भंडारा सोडलं आणि दोन्ही बाजूंना धानाची शेतं लागली. लोंब्या भरून आल्या होत्या. मी त्यांना त्या बाळंतिणीबद्दल सांगायला सुरुवात केली. गाडीचा खडखडाट इतका होता की मला जवळजवळ ओरडून बोलावं लागत होतं. इतके दिवस जे मी कुजबुजूनही कोणाला सांगितलं नव्हतं ते भरल्या एसटीत ओरडून सांगत होते. पुढच्या सीटवरच्या बाईने दोनदा वळून पाहिलं. मी सासूबद्दल सांगितलं, औषधांच्या खोलीबद्दल सांगितलं. ती म्हातारी मला जाब विचारायला येते, माझी सून कुठं आहे असं विचारायला येते, असं मला वाटतं, हेही सांगितलं.

सर माझ्या ओठांकडे पाहत ऐकत होते. तुमसर आलं. मी म्हटलं, "सर, काही तरी म्हणा ना."

"काय म्हणू? म्हणलं असतं तर थायरॉइडच म्हणलं असतं." मग उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं केलं सांगितलं. लय जड होतं हे."

त्या आठवड्यात जवाहरनगरला गेले तेव्हा बाबांनाही सांगितलं. बाबा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आता क्वार्टर सोडायचं होतं म्हणून ते सामान बांधत होते. दोरी हातात धरून त्यांनी सगळं ऐकलं. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारलं की त्यांना कामावर भीती वाटायची का. ते म्हणाले, "रोज." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिलाही ते तेव्हाच कळत होतं.

पुढच्या भेटीत बाईंनी टाळण्याबद्दल सांगितलं. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती मात्र वाढत जाते. उपाय म्हणजे एकदम उडी मारायची नाही, त्या दिशेने थोडं सरकायचं, आणि सरकताना कोणाला तरी सोबत घ्यायचं. मी गटात माझी गोष्ट सांगितली आणि पुढच्या लसीकरणाच्या दिवशी औषधांच्या खोलीत जाणार नाही, एवढंच ठरवलं. म्हातारीशी बोलायचं ठरवलं नव्हतं. केंद्रात आल्यावर सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बाजूलेच उभी राहीन, मॅडम."

लसीकरणाच्या दिवशी बाया सकाळपासून व्हरांड्यात बसल्या होत्या. फाटक वाजलं, मी नळ सोडून हात धुतले. म्हातारी आली. बाळ आता चांगलं मोठं दिसत होतं, मान धरत होतं, कपाळावर काजळाचा मोठा टिळा होता. सिस्टरांनी लस दिली. बाळाने टाहो फोडला. मी माझ्या खुर्चीतच बसून होते आणि दार उघडं होतं. बाळ शांत झाल्यावर म्हातारी उठली आणि थेट माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"येऊ का जी?"

मी "या" म्हटलं. ती आत आली, पण स्टुलावर बसली नाही. सिस्टर तिच्या मागोमाग येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.

म्हातारी म्हणाली, "कवापासून तुमाले भेटाव म्हणतो बाई. तुमी कामात राहता." मग तिने विचारलं, "गाडीत तुमीच होत्या तिच्यासंगं. दीर तं समोर बसला होता, त्याले काही ऐकू नाही आलं. शेवटी काही बोलली का जी माझी सून?"

इतके महिने ती हे विचारायला येत होती. आणि त्याचं उत्तर जगात फक्त मला माहीत होतं.

"बोलली," मी म्हटलं. "तुमसरच्या अलीकडे तिने डोळे उघडले होते. मला विचारलं, पोरगी मामीजीजवळ आहे नं? मी म्हटलं, हो, त्यांच्याजवळच आहे. तर म्हणाली, मग ठीक आहे."

"मंग ठीक आहे म्हणली?"

"हो. एवढंच. त्यानंतर काही बोलली नाही."

म्हातारी स्टुलावर बसली. "मंग ठीक आहे म्हणली," ती बाळाला म्हणाली. रडली नाही. मी रडले. टेबलावरची चिठ्ठ्यांची गड्डी बाजूला सारून, ओपीडी भरलेली असताना, दारातून माणसं डोकावत असताना रडले. सिस्टरांनी पुढे होऊन दार लोटून घेतलं. म्हातारीने मला समजावलं नाही की कुठला शहाणपणा सांगितला नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं की बाळ वरच्या दुधाने घट्ट संडास करतं, तर काय करावं. मी डोळे पुसले आणि बाळाला टेबलावर घेऊन तपासलं. दुधात किती पाणी घालता ते विचारलं, वाटी-चमचा कसा उकळायचा ते सांगितलं. बाळ माझं बोट धरून ओढत होतं.

मळमळ त्या दिवसानंतर गेली, असं सांगायला मला आवडलं असतं. पण ती हळूहळू कमी झाली आणि मध्ये पुन्हा दोन वेळा परत आली. एकदा तर मी बाईंच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नागपूरला गेले आणि काही महिने गोळ्याही घेतल्या. मी गोळ्या घेते आहे हे गटात सांगितलं, तेव्हा आणखी एका डॉक्टरने आपणही घेतो असं सांगितलं. त्या दिवशी विषय तिथेच संपला आणि आम्ही चहा प्यायलो.

सरांनी कानाला यंत्र लावलं. नागपूरला मोहाडीचा तो डॉक्टरच त्यांच्यासोबत गेला होता. यंत्राने बोलणं बरंच ऐकू यायला लागलं, छाती मात्र पुरती आली नाही. मग त्यांनी आपल्या केंद्रातल्या सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. राहिलेली नोकरी त्यांनी तिथल्या नव्या डॉक्टर मुलीच्या सोबतीने केली. ती छाती ऐकायची आणि काय ऐकलं ते मोठ्याने सांगायची, सर निदान सांगायचे. ती मुलगी मला नंतर म्हणाली की कॉलेजात शिकली नाही इतकं ती त्या दिवसांत शिकली. चिठ्ठीवाले डॉक्टर हे नाव आपोआप मागे पडलं.

प्रशिक्षण संपलं त्या दिवशी बाईंनी विचारलं, पुढे काय? त्या मोहाडीच्या डॉक्टरनेच एक गोष्ट सुचवली, ती आम्ही आजही पाळतो. कोणाच्याही केंद्रात डॉक्टरच्या हातात रुग्ण गेला की गटाला कळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरने सकाळचे थोडे तास येऊन त्याची ओपीडी सांभाळायची. वरिष्ठांना आम्ही ते सांगितलं. ते म्हणाले, लेखी काही मिळणार नाही, पण हरकतही नाही. रिकाम्या जागा अजून रिकाम्याच आहेत. आपलं केंद्र सोडून दुसऱ्याच्या केंद्रात जायचं म्हणजे आपलं काम संध्याकाळपर्यंत लांबतं. तरी कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

माझी पहिली पाळी आली ती तुमसरच्या बाजूच्या एका केंद्रात. तिथे नुकताच रुजू झालेला डॉक्टर होता. आदल्या दिवशी शेतात साप चावलेला एक कर्ता माणूस त्याच्या हातात गेला होता. मी पोचले तेव्हा तो आंघोळ करून, भांग पाडून, ओपीडीच्या खुर्चीत बसलेला होता. म्हणाला, "मॅडम, मी ठीक आहे. तुम्ही उगाच त्रास घेतला." मी त्याला काही सांगितलं नाही. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तो बोलेल याची वाट पाहिली. मग तो म्हणाला, "त्यांची बायको माझ्या पायावर डोकं ठेवून बसली होती आणि मला तिला उठवता येईना." एवढं सांगून तो उठला आणि क्वार्टरकडे गेला.

मी त्याच्या खुर्चीत बसले. व्हरांड्यात बरीच माणसं होती. पहिले आत आले ते काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ, खोकत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आमचे डाक्टर कुठं गेले जी?"

"झोपले आहेत," मी म्हटलं. "मी तपासते तुम्हाला."

काल काय झालं ते गावाला माहीत असणारच. "झोपू द्या मंग," ते म्हणाले, आणि शर्टाची बटणं काढत स्टुलावर बसले. "जोरात श्वास घेऊ का?"

"घ्या," मी म्हटलं आणि स्टेथोस्कोप त्यांच्या पाठीला लावला.